पुस्तकांचं टनेज



'सार्वजनिक ग्रंथालयं धंद्यासारखी चालवा' असं आजकाल शिकलेली माणसं सांगतात. टार्गेट ठेवा, वाचकाला गिऱ्हाईक समजा, जे पुस्तक कुणी नेत नाही ते कपाटातून काढा, माणसं ठेक्यावर घ्या. मी टेंभुर्णीचा. जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलमधी सळईवर काम करतो. धंदा कसा चालवतात हे मला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नाही. म्हणून बोलतो.

मिलमधी सगळं मोजतात. शिफ्टला किती टन माल निघाला, भट्टी किती मिनिटं थांबली, कोण पाणी प्यायला किती वेळ गेला. माणूस तेवढा मोजत नाहीत. हाताला चटका बसला तर तो टनेजमधी येत नाही. ठेकेदार दुसरा हात उभा करतो.

आता खेड्यातलं ग्रंथालय बघा. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा. त्या आधी मद्रासनं 1948 साली कायदा केला, त्यात ग्रंथालयासाठी कर ठेवला. आपल्या कायद्यात कर नाही. आपल्याकडं संस्था ग्रंथालय चालवते आणि सरकार अनुदान देतं. अ, ब, क, ड असे वर्ग. पुस्तकं किती, सभासद किती, पेपर किती येतात, यावर वर्ग ठरतो. म्हणजे मोजणी इथंही आहेच. पण ती गोदामातल्या मालाची. पुस्तक कुणाच्या हातात गेलं, त्यानं त्या माणसाचं काय झालं, हा रकानाच नाही.

रकाना नसला की रजिस्टर खोटं बोलतं. 2012 साली सरकारनं राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी केली, तेव्हा कित्येक ग्रंथालयं कागदावर एक आणि जागेवर दुसरीच निघाली. मग धंदेवाले म्हणतात, बघा, म्हणून मॅनेजमेंट पाहिजे. मी म्हणतो, थांबा, आधी पगार बघा. 2022 साली अनुदान 60 टक्क्यांनी वाढलं. ड वर्गाचं वर्षाचं 30 हजारांचं 48 हजार झालं. त्यातलं निम्मं पगाराला. म्हणजे महिन्याला 2 हजार रुपये. एवढ्यात ग्रंथपाल दार उघडतो, झाडतो, नोंदी ठेवतो, तपासणीला उत्तरं देतो. कोणता मॅनेजर एवढ्यात येईल? आमच्या मिलमधी तर हेल्परसुद्धा येणार नाही.

विलायतेत हा प्रयोग करून झालाय. लंडनच्या क्रॉयडन भागातली ग्रंथालयं 2013 साली कंपनीच्या हाती दिली. पुढं तो ठेका कॅरिलियन नावाच्या बड्या कंपनीकडं गेला. 2018 च्या जानेवारीत कंपनी बुडाली आणि ग्रंथालयं पुन्हा कौन्सिलनंच सांभाळली. नफा व्हता तवर कंपनीची, बुडाल्यावर जनतेची.

पण साथींनो, धंद्याचं सगळंच टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. मिल शिफ्टमधी चालते. ग्रंथालय का चालू नये? मी कामावर असतो तेव्हा ते उघडं, मी सुटतो तेव्हा कुलूप. माझ्या सुट्टीला त्यांचीही सुट्टी. शेतमजूर बाई, वीटभट्टीवरचा पोरगा, यांचा वेळ बघून दार उघडा. मिलमधी माल येतो-जातो त्याचा काटा होतो. तसा जमा-खर्चाचा हिशोब दारावर लावा. एवढी शिस्त मिलकडून घ्या.

घेऊ नका ती त्यांची चाळणी. बाबासाहेबांचं रुपयावरचं पुस्तक 1923 चं. खेड्यात ते दहा वर्षांत एकदाच कुणी नेईल. धंद्याच्या हिशोबात ते रद्दी. पण तो एकजण कोण असेल हे आज कुठला मॅनेजर सांगेल? ते पुस्तक त्याची वाट बघत कपाटात उभं राहिलं पाहिजे, त्यासाठीच तर सरकारी पैसा.

आणि ज्याला मागणी आहे ते तरी देता का? बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणांचे खंड सरकार 1979 पासून काढतं. लोक रांगा लावून घेतात. तरी छपाई रखडली, म्हणून 2021 साली मुंबई हायकोर्टाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. साबणाच्या वडीला एवढी मागणी असती तर कारखाना रात्रपाळीनं चालला असता. म्हणजे आमच्या वाट्याला ना धंद्याची तत्परता, ना सरकारची जबाबदारी.

बडोद्यात सयाजीरावांनी 1910 साली बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणून गावोगाव ग्रंथालयं उभी केली. पुस्तकांच्या पेट्या खेड्यात फिरवल्या. त्याच सयाजीरावांनी 1913 साली बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला धाडलं. त्या खर्चाचा नफा कुठल्या वहीत मांडता येतो सांगा. आपण सगळे तो नफा आहोत.

माझी शाळा दहावीला सुटली. कविता मी वाचनालयाच्या बाकावर शिकलो. पुस्तक घरी न्यायचं म्हटलं तर एका ठिकाणी विचारलं, 'रोजंदारीवर आहेस, जामीन कोण राहील?' आडनावाची चौकशी आधी झाली व्हती. बाकावर बसून वाचलेल्या कविता मी हातानं वहीत उतरवून आणल्या. त्या वहीला कुणाचा जामीन लागला नाही. पण ज्या पोराला अजून नीट लिहिता येत नाही, त्यानं काय करावं?

म्हणून नुसती घोषणा नको. ग्रंथालय संस्थेचं आहे, आणि संस्था सभासदांची असते. आपल्या वस्तीतल्या वीस-पंचवीस जणांनी वर्गणी भरून सभासद व्हा. वार्षिक सभेला जाऊन बसा. अनुदान किती आलं, पुस्तकं कुठली घेतली, ग्रंथपालाला हातात किती दिलं, हे उभं राहून विचारा. सांगत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज टाका. संध्याकाळची वेळ मागा. ग्रंथपालाशी भांडू नका, तोही आपल्यासारखाच मजूर आहे. त्याच्या पगारासाठी त्याच्या बाजूनं उभं राहा.

आणि पुस्तक नेताना कुणी जामीन मागितला, तर एकमेकांचे जामीन राहा.