वाखेनिंगनची केळी

रावेरच्या पोराला जगात कुठंही नेऊन सोडा, तो आधी केळीचा भाव बघतो. नेदरलँड्समध्ये वाखेनिंगनच्या कृषी विद्यापीठात मी शिकायला गेलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात फोनवर नानांचा प्रश्न, "तठी केळीले काय भाव रे?" दुकानातली केळी इक्वाडोर, कोस्टारिकाहून आलेली, किलोला दीड युरोच्या आसपास. नाना थोडा वेळ गप्प राहिले. हिशेब चालला होता. "म्हणजे क्विंटलले तेरा हजार!" आपल्याकडं तेव्हा क्विंटलला हजाराच्या आतबाहेर चाललं होतं.

वाखेनिंगन छोटंसं गाव. रेल्वे स्टेशनसुद्धा नाही, शेजारच्या एडेला उतरून बस धरायची. याबाबतीत आमचं रावेर मोठं. भुसावळ-खांडवा मार्गावरच्या आमच्या स्टेशनातून केळीचे वॅगन भरून उत्तरेत जायचे.

जूनमधला एक दिवस सांगतो. साडेआठचा तास. सायकल दामटत, उजव्या बाजूनं, वर्गात पोचलो. विषय केळीवरच्या पनामा मर रोगाचा. १९५० च्या दशकापर्यंत जगाच्या बाजारात ग्रो मिशेल नावाचं वाण चालायचं. मर रोगानं त्याचे मळेच्या मळे बसवले, म्हणून व्यापाऱ्यांनी कॅव्हेंडिश धरलं. आमची जुनी बसराई आणि आताची ग्रँड नैन, दोन्ही त्याच कुळातल्या. आता टीआर-४ नावाची बुरशी कॅव्हेंडिशलाही मारते. २०१९ मध्ये ती कोलंबियात सापडली. बिहार-उत्तर प्रदेशात तर आधीच पोचलेली. औषध नाही, आणि एकदा मातीत शिरली की वर्षानुवर्षं राहते. पसरते ती रोपांतून, पाण्यातून आणि बुटाला लागलेल्या मातीतून.

बुटाचं ऐकलं आणि मला आमची केळी कापणारी टोळी दिसली. सकाळी एकाच्या बागेत, दुपारी दुसऱ्याच्या. तोच विळा, त्याच चपला, तोच ट्रक. बांधावर त्यांचे पाय धुवायला लावले तर उद्या कापणीला कोण येईल?

दुपारी काचघरात प्रात्यक्षिक. फोन बाहेर कपाटात, अंगात पांढरा कोट, बुटांवर पिशव्या. आत कुंड्यांमध्ये गुडघाभर केळीची रोपं. मुद्दाम बुरशी दिलेली. काम एवढंच की कंद मधोमध कापायचा आणि आत किती तपकिरी झालंय त्याला अंक द्यायचा. कंद कापायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. टिश्यूची रोपं यायच्या आधी नाना चांगली बाग बघून कंद आणायचे, ते तासून साफ करायला आम्ही पोरं बसायचो. बरोबरची डच मुलगी म्हणाली, तुझा हात फार भरभर चालतो. काचघरात वारा नाही, ऊन नाही, पाणी मोजून. रोप हलतसुद्धा नाही.

चारला बाहेर आलो. आपल्याकडं साडेसात वाजलेले. फोनवर चुलतभावानं पाठवलेले सहा फोटो. दुपारी वादळ झालं होतं. आमची तीन एकरांची बाग, पाच हजारांच्या वर झाडं, निसवून घड भरत आलेली. पंधरा-वीस दिवसांत कापणी लागणार होती. सगळी एका दिशेला आडवी. पट्ट्या बांधलेली झाडंसुद्धा पट्टीसकट गेलेली. माझ्या फीचा पुढचा हप्ता त्याच घडांवर होता.

नानांना फोन लागेना. लाइट गेलेली, टॉवर बंद. ग्रंथालयात जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी परीक्षा होती, पण पुस्तक उघडं तसंच राहिलं. त्या देशात जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो. अशा दिवशी तो फार नकोसा वाटतो.

सातला नानांचाच फोन. आधी, "जेवला का?" मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "तलाठी उद्या पंचनाम्याले येईन. सातबारा सापडत नाही, घरात अंधार आहे. तुह्याजवळ आहे का?" होता. शैक्षणिक कर्जासाठी काढलेला, लॅपटॉपमध्ये. जरा जुना होता, पण गट नंबर तोच. लगेच पाठवला.

फळपीक विम्याचं विचारलं. "हवेचा वेग तठी यंत्रात किती लागला, त्याच्यावर आहे ते," नाना म्हणाले. यंत्र आमच्या बागेपासून लांब. वादळाला ते माहीत नसतं.

मग त्यांनी असं काही विचारलं, जे मला आजवर कधी विचारलं नव्हतं. "पिलबाग धरू का नवी रोपं लावू? काय म्हणते तुमची शाळा?"

मी सुरू झालो. सीएमव्ही दिसलेल्या झाडांची पिलं ठेवू नका, नवी रोपं घेतली तर कुठली आहेत ते नीट बघून घ्या, दुसऱ्याच्या बागेतून...

"ते मले माहीत आहे," नाना म्हणाले. "खर्चाचं सांग."

एक रोप पंधरा रुपये धरलं तरी पाच हजार रोपांचे पंचाहत्तर हजार. वर आडवी झाडं उचलून बाहेर काढायची मजुरी. वहीच्या मागच्या पानावर एका बाजूला हे मांडलं, दुसऱ्या बाजूला फीचा हप्ता.

"पिलबाग धरा," मी म्हणालो.

"हं," नाना म्हणाले. "मीही तेच म्हणत होतो. उद्या पेपर आहे नं तुहा?"