गुन्हा लिंबाचा, शिक्षा माशाला

कॉलेजात जर्मनचा वर्ग लावला तेव्हा माझा हेतू अगदी शुद्ध होता. पुढे एम.एस., तिकडे फी कमी, वगैरे वगैरे. वर्गातल्या निम्म्या जनतेचा हाच असतो. पण या भाषेपायी आमच्या सोनपेठच्या घरात दिवाळीच्या सुट्टीत जे महाभारत घडलं, ते कुठल्याच सिलॅबसमध्ये नव्हतं.

झालं असं, की मॅडमनी गृहपाठ दिला. एक जर्मन पाककृती वाचायची, घरी करून बघायची आणि त्यावर दहा वाक्यं लिहून आणायची. माझ्या वाट्याला आलं ‘फिशझुप्पे’, म्हणजे माशांचं सूप, क्रीम घातलेलं. जर्मन पाककृतीची एक गंमत आहे. ‘कांदा सोलणे, गाजर चिरणे, लोणी तापवणे’ असं सगळं लिहिलेलं, क्रियापद शेवटी. थेट आपल्या जर्नलमधली ‘कृती’! मनात म्हटलं, हे तर आपण रोजच उतरवून काढतो.

हे सूप मूळचं उत्तर जर्मनीतलं, हॅम्बुर्गकडचं, समुद्राच्या काठचं. तिथं कॉडसारखे मासे वापरतात. सोनपेठला समुद्र कुठून आणणार? पण गोदावरी आहे. आमच्या तालुक्यात खडक्याला बंधारा आहे. इलेक्ट्रिकलवाल्यांना सांगितलं पाहिजे, परळीच्या औष्णिक वीज केंद्राचं पाणी इथलंच. २०१५ च्या दुष्काळात बंधारा आटला आणि ते केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. तर बाबांनी नदीतली अर्धा किलो मरळ आणली. रोहूपेक्षा हिला बारीक काटे कमी. लीक नावाच्या भाजीऐवजी कांद्याची पात घेतली. आणि ‘डिल’ म्हणजे काय असेल? चक्क शेपू! मेसमध्ये जी भाजी दिसली की आपण ताट घेऊन उलट्या पावली फिरतो, ती हे लोक हौसेने माशावर पेरतात.

आज्जी ओट्यापाशी येऊन बघत होती. ‘सूप करतोय’ म्हटलं तर तिला धान्य पाखडायचं सूप आठवलं. पण मी फ्रिजमधून दुधाचं पातेलं काढलं आणि तिचा आवाजच बदलला.

“दूध कशाला काढलास?”

“माशात घालायचंय.”

“अगं माय! येडा झालास का? कोड फुटंल अंगावर. घरात एक हाय ते पुरं न्हाई का?”

बाहेरच्या खोलीत आत्याचं शिलाई मशीन चालू होतं. ते थांबलं.

आमच्या आत्याला कोड आहे. हातावर, मानेवर, ओठापाशी पांढरे डाग. मी लहानपणापासून बघतोय, त्यामुळं मला त्यात काही वेगळं वाटत नाही. पण तिला बघायला आलेले पाहुणे हात बघून चहा अर्धा ठेवून जायचे, हे मी ऐकलेलं आहे. लग्न झालं नाही. ती ब्लाउज शिवते, आणि माझ्या पहिल्या सेमिस्टरची पुस्तकं तिच्याच पैशातून आली आहेत.

मी आज्जीशी वाद घातला. म्हटलं, जर्मनीत लोक पिढ्यान्‌पिढ्या हे खातात, त्यांना कुठं कोड होतो? आज्जी ताडकन म्हणाली, “ती माणसं मुळातच पांढरी. डाग दिसंल कसा?”

इंजिनिअरिंगच्या चार सेमिस्टरमध्ये असं बिनतोड उत्तर मला कुठल्या व्हायव्हात सुचलेलं नाही! मग मी बंगाल काढला. तिथं ‘दोई माछ’ करतात, दह्यातला मासा. माणसं आपल्यासारखीच सावळी. आज्जी म्हणाली, दही वेगळं, दूध वेगळं. हेही खरंच. आणि ही काही तिच्या मनची गोष्ट नव्हे. मासे आणि दूध एकत्र खाऊ नये, हे चरकसंहितेत विरुद्ध आहार म्हणून सांगितलेलं आहे.

शेवटी मी हट्टाने सुरुवात केलीच. माशाचं डोकं आणि काटे पाण्यात वीस मिनिटं मंद उकळून गाळून घेतले. जास्त उकळलं तर पाणी कडवट होतं. त्यात गाजर, बटाटा शिजवला. मूळ कृतीत पांढरी वाईन होती. ती आमच्या घरात येणं म्हणजे मासा-दुधापेक्षा मोठं महाभारत, म्हणून आंबटपणासाठी एक लिंबू पिळलं. घरात क्रीम नव्हतं, म्हणून त्यावर दूध ओतलं आणि उकळी आणली.

दोन मिनिटांत सगळं फाटलं. खाली पिवळं पाणी, वर पांढऱ्या गुठळ्या.

“बघ,” आज्जी म्हणाली. “भांड्यात असं झालं, पोटात काय होत आसंल?”

मला वाटलं आता ती रागावेल. पण ती तिथंच पाटावर बसली आणि हळूच म्हणाली, “मीच चारलं होतं रे तिला. सणाचा दिवस, दुपारी खीर झाली, राती कुणीतरी मासे आणले. लेकरू मागत होतं, दिलं. वर्षाच्या आत पहिला डाग दिसला. तुझी पणजी मरेपर्यंत म्हणत होती, आईनंच लेकीचा जन्म नासवला.”

मित्रहो, मी वाद जिंकायला निघालो होतो आणि आज्जी चाळीस वर्षं स्वतःवरच खटला चालवत बसली होती. मला काही बोलायला सुचेना.

तेवढ्यात आत्या आत आली. फाटलेल्या पातेल्याकडे बघितलं आणि मला विचारलं, “भैय्या, लिंबू कधी पिळलास?”

“दुधाच्या आधी.”

“मग पनीर होणार न्हाई तर काय?”

तिने फ्रिज उघडला आणि आज्जीची तुपासाठी साठवलेली साय माझ्या हातात दिली. आज्जी बघत राहिली, पण काही बोलली नाही.

दुसऱ्यांदा कृती नीट वाचली. लोण्यावर कांदा आणि पात परतली, त्यात दोन चमचे मैदा घालून रंग न बदलता भाजला. उरलेल्या काट्यांचं पाणी थोडं थोडं ओतत ढवळलं, म्हणजे गुठळी होत नाही. गाजर, बटाटा शिजला. आच कमी केली, घुसळलेली साय घातली, शेवटी मरळीचे तुकडे. पाचएक मिनिटांत मासा शिजला. वर शेपू आणि मिरपूड. लिंबू बाजूला, ज्याचं त्याने वाटीत दोन थेंब पिळावं.

फाटलं नाही. मऊ, दाट, सायीच्या रंगाचं सूप तयार झालं. कारण साधं आहे. दुधातलं केसीन हे प्रथिन आम्लात, साधारण ४.६ पीएचला, गोळा होतं. तापवलं की त्याआधीच. सायीत केसीन कमी, स्निग्धांश जास्त. शिवाय मैद्यातला स्टार्च गुठळ्या होऊ देत नाही. मासा दोन्ही वेळा तोच होता. चोर सोडून संन्याशाला फाशी!

मी आज्जीला म्हटलं, “पोटात तर दूध रोजच फाटतं. मासा खा, नाहीतर नुसता चहा पी. पोटातलं आम्लच तसं आहे. त्यानं कुणाला कोड होत नाही.” त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर शरीराचीच रोगप्रतिकारक यंत्रणा चालून जाते, म्हणून कोड होतो. तो खाण्याने होत नाही, शिवल्याने पसरत नाही आणि कुष्ठरोगाशी त्याचा संबंध नाही. जगात शंभरातल्या साधारण एका माणसाला तो असतो.

“मला डॉक्टरनं कवाच सांगितलंय हे,” आत्या म्हणाली. “मी हिला पन्नास डाव सांगितलं. ऐकत न्हाई.”

आत्याने वाटी भरली, फुंकर मारली आणि सगळं संपवलं. “मीठ कमी हाय,” एवढाच अभिप्राय.

आज्जीने सूप खाल्लं नाही. मीही आग्रह केला नाही. पण रात्री भांडी आवरताना तिने मला विचारलं, “नक्की ना रे? माझ्यामुळं न्हाई ना?” मी म्हटलं, नक्की. तिने पुन्हा एकदा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.

एक कबुली देऊन थांबतो. फर्स्ट इयरला आपल्याच मेसमध्ये हातावर पांढरे डाग असलेला एक मुलगा माझ्या समोर येऊन बसायचा. घरात आत्या असूनही, मित्र हसतील म्हणून मी दोनदा ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेलो होतो. सुट्टीवरून आल्यावर मी त्याच्या समोर जाऊन बसलो. त्या दिवशी नेमकी शेपूची भाजी होती. दोघांनीही टाकली.

जर्मनची दहा वाक्यं लिहिली. मॅडमनी लाल शाईने तीन चुका काढल्या. लिंबाची चूक त्यात धरलेली नाही.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी