काकू, तुम्हीही बसा

ठाणे-डोंबिवलीतली श्रीमंती पटकन नजरेत भरत नाही. नौपाड्यातले निवृत्त काका, डोंबिवली एमआयडीसीतले कारखानदार, कल्याण-शीळ रस्त्यालगतची जमीन विकलेलं आगरी कुटुंब. प्रायव्हेट बँकिंगमध्ये आरएम, म्हणजे रिलेशनशिप मॅनेजर, म्हणून माझी उमेदीची वर्षं अशाच घरांत गेली.

या भागात पैसा ओळखीवर ठेवायची रीत आहे. डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७०ची, ठाणे जनता १९७२ची, कल्याण जनता १९७३ची. काउंटरपलीकडचा माणूस माहितीतला असे, हाच लोकांना मोठा आधार. आम्ही प्रायव्हेट बँकवाले आलो ते टार्गेट घेऊन. जमिनीचे पैसे खात्यात पडले की घरासमोर गाड्या लागतात. पीएमएस, म्हणजे पोर्टफोलिओ मॅनेजमेंट सर्व्हिससाठी किमान ५० लाख लागतात, आणि तेवढी रक्कम दिसली की योजना विकणाऱ्याला दम धरवत नाही. मी मात्र सांगत आलो, "दादा, सहा महिने एफडीत राहू द्या. आधी बहिणींचं बघा." वडिलोपार्जित जमिनीत मुलींना २००५च्या दुरुस्तीने मुलांइतकाच हक्क दिला, तरी हक्कसोडपत्रावर त्यांच्या सह्या घाईघाईने घेतल्या जातात. तो सल अनेक घरांत पिढीभर राहतो.

एकदा डोंबिवलीत एका काकांनी कपाटातून फुगलेली फाइल काढली. एफडीच्या पावत्या, विम्याचे कागद, डीमॅटची पत्रं. काकू चहा ठेवून आत निघाल्या. मी म्हटलं, "काकू, तुम्हीही बसा." त्या म्हणाल्या, "मला यातलं काही कळत नाही. हे सांगतात तिथे सही करते."

त्या दुपारी आम्ही गुंतवणुकीचा विषय काढलाच नाही. कुठे काय आहे, नॉमिनी कोण, फोन कुणाला करायचा, हे सगळं एका पानावर मराठीत लिहिलं. नॉमिनी म्हणजे वारस, असं बहुतेकांना वाटतं. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेच्या खटल्यात, डिसेंबर २०२३मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या बाबतीतही स्पष्ट केलं की केवळ नॉमिनी असल्याने मालकी मिळत नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर करता येतं. तरी ते उद्यावर ढकललं जातं, कारण मरणाचं बोलणं अशुभ वाटतं.

दोन टक्के जास्त परतावा मिळाला म्हणून कुणाचं घर सांधलेलं मी पाहिलं नाही. वेळेत केलेल्या मृत्युपत्रामुळे भावंडं कोर्टाची पायरी न चढता राहिलेली पाहिली आहेत. म्हणून नव्या आरएमना माझं एकच सांगणं असतं: पहिल्या भेटीत काकूंनाही बसवून घ्या, आणि त्यांना सगळं कळेपर्यंत कुठेही सही मागू नका.