दाखला येईल तेव्हा येईल

माझी आजी पाटणच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. सातारा जिल्ह्यातलं पाटण हे कोयना आणि केरा नद्यांच्या संगमावरचं तालुक्याचं गाव. कराडहून चिपळूणला जाणारी एसटी इथे थांबते आणि पुढे कुंभार्ली घाटाकडे निघते. आजी फायनल पास होऊन नोकरीला लागली तेव्हा शाळा स्कूल बोर्डाच्या होत्या. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि ती परिषदेची नोकर झाली. निवृत्तीपर्यंत ती याच तालुक्यात राहिली. वडिलांची नोकरी एसटीतली, डेपो सारखे बदलायचे, म्हणून पहिलीपासून मला आजीकडेच ठेवलं होतं. घरी ती आजी आणि शाळेच्या फाटकातून आत गेलं की बाई. वर्गात मी तिला आजी म्हणून हाक मारली तर ती ओ देत नसे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तो माझ्या जन्माआधीचा. आई सांगते, शाळेच्या भिंतींना तडे गेले होते आणि पोरं छपराखाली बसायलाच तयार नव्हती. आजीने वर्ग चिंचेखाली भरवला. थंडी सरली, उन्हाळा लागला, तरी तो वर्ग चिंचेखालीच होता. ज्या पोरांचं घर पडलं होतं त्यांना ती आधी जेवलास का विचारायची, मग हजेरी घ्यायची. पुढे मी तिच्या वर्गात बसले तेव्हाही तिचा दिवस असाच सुरू व्हायचा. तोवर भूकंप जुना झाला होता, भूक मात्र तशीच होती.

पाटण तालुक्याचं अर्धं आयुष्य मुंबईत जातं हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. डोंगरउतारावरची भात-नाचणीची तुकडा तुकडा जमीन, तिच्यावर घर चालत नाही. बाप्ये मुंबईला जायचे. कोणी मशीद बंदरला माथाडी, कोणी लालबाग-परळच्या गिरणीत. माथाडींची चळवळ उभी करणारे अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातले. गावात राहायच्या बाया, म्हातारी माणसं आणि पोरं. महिन्याला मनीऑर्डर यायची, आणि तिच्या कुपनावर चार ओळी.

त्या चार ओळी वाचून घ्यायला बाया संध्याकाळी आमच्या ओसरीवर येत. "बाई, कागुद आलाय, जरा वाचून दावा." आजी प्रत्येक पत्र दोनदा वाचायची. एकदा सरळ, आणि एकदा सावकाश, कारण पहिल्या वेळी बाईचं निम्मं लक्ष वाईट बातमी तर नाही ना यातच असतं. मग उत्तर लिहायचं. बाई सांगायची, "लिवा, हिकडं समदं बरं हाय." घरात म्हैस आटलेली, सासरा अंथरुणाला खिळलेला, हे आजीला माहीत असायचं. ती पेन थांबवून एकदाच विचारायची, "हेच लिहू?" बाई मान हलवायची, आणि आजी तेच लिहायची. स्वतःचा एक शब्द तिने कोणाच्या पत्रात घातल्याचं मला आठवत नाही.

मनीऑर्डर घेताना अंगठा उठवला तर लिहिता येणारा साक्षीदार लागायचा. त्यासाठी बाया पोस्टमनला अंगणात थांबवून कोणाला तरी शोधत फिरायच्या. आजीला ते फार खटकायचं. नवऱ्याने घाम गाळून पाठवलेले पैसे हातात घ्यायला शेजाऱ्याची मिनतवारी कशाला? ओसरीवर पत्रं वाचून झाली की ती पाटी पुढे करायची आणि सही गिरवून घ्यायची. आधी बाईचं नाव, मग नवऱ्याचं, मग गावाचं. अनेक जणी तेवढ्यावर थांबल्या. काही मात्र पुढे स्वतःच पत्र लिहू लागल्या आणि ओसरीवर यायच्या बंद झाल्या. ते झालं की आजीचा चेहरा फुलायचा.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. संप महिना-दोन महिन्यांत मिटेल असं सगळे म्हणत होते. मार्च आला तरी मिटेना, तेव्हा पाटणच्या स्टँडवर कुटुंबंच्या कुटुंबं उतरू लागली. वळकट्या, स्टोव्ह, डबे आणि पोरं. खोलीचं भाडं परवडेना म्हणून बायकोपोरांना गावी पाठवलेलं. मी त्या वर्षी तिसरीत होते. आमच्या वर्गाच्या दारात रोज एखादं नवं मूल आपल्या आजोबाचं बोट धरून उभं असायचं.

त्या पोरांजवळ दाखला नव्हता. मुंबईहून निघताना कोणाला सुचणार? शाळा सोडल्याचा दाखला नसला तर नाव दाखल होत नाही, हा नियम. तो बरोबरच होता, आणि तो सांगणारेही कोणी दुष्ट नव्हते. "दाखला आणा, मग पाहू," एवढंच ते म्हणत. पण दाखला आणायचा म्हणजे मुंबईचं जाण्यायेण्याचं भाडं, आणि ज्याच्या घरी मनीऑर्डर थांबलीय त्याने ते कुठून काढायचं? आजी तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाली, "दाखला येईल तेव्हा येईल. मूल आज आलंय." आणि मुलाला आत घेतलं.

हे ती बोलून थांबली नाही. तिने एक वेगळी वही घातली. तीत मुलाचं नाव, मुंबईतल्या शाळेचा पत्ता, इयत्ता, आणि तिथल्या बाईंचं किंवा गुरुजींचं नाव आठवत असेल तर तेही. रात्री वह्या तपासून झाल्या की ती मुंबईच्या मुख्याध्यापकांना एकेक पोस्टकार्ड लिहायची. मजकूर प्रत्येक वेळी तोच, तरी ती तो हाताने नव्याने लिहायची. कोणी मुंबईला निघालं की त्याच्याकडे पत्त्यांची चिठ्ठी द्यायची. पुढच्या दिवाळीपर्यंत बहुतेकांचे दाखले आले. ज्यांचे आले नाहीत त्यांच्यासाठी तिने वरच्या कार्यालयात किती खेटे घातले ते मी पाहिलं आहे. मी तिच्यासोबत बाकावर बसून असायचे.

मुलाला कोणत्या वर्गात बसवायचं हे ती त्याच्याकडून बालभारती वाचून घेऊन ठरवायची. पाठ्यपुस्तक मंडळ १९६७ साली स्थापन झालं आणि पुढच्या वर्षीपासून त्याची पुस्तकं येऊ लागली. त्यामुळे लालबागच्या पोराचं पुस्तक आणि पाटणच्या पोराचं पुस्तक एकच होतं. "कुठवर झालं होतं रे?" ती विचारायची. मूल पान उघडून बोट ठेवायचं, आणि तिथून पुढे शिकवणं सुरू. एका गोष्टीचा निम्मा भाग परळला आणि उरलेला आमच्या वर्गात, असं शिकलेली मुलं माझ्या शेजारी बसत. महाराष्ट्रभर एक पुस्तक असण्याचं मोल मला तेव्हा कळलं, आणि मी अजून त्या बाजूने भांडते.

पावसाळ्यात त्या मुलांचे फार हाल झाले. पाटणचा पाऊस त्यांनी पाहिला नव्हता. वाडीवरून चिखल तुडवत, पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन ती यायची आणि ओली बसायची. आजीने घरातली जुनी लुगडी फाडून त्यांचे पंचे केले होते, ते वर्गात दोरीवर टांगलेले असत. दुपारी घरच्या भाकरीची संख्या वाढली. माझ्या वाट्याला यायची ती अर्धी. मी कुरकुरले तेव्हा ती म्हणाली, "बाळ, तुझी आजी पगार घेते." त्या वयात मला उत्तर पटलं नव्हतं. आज मी स्वतः पगार घेते तेव्हा ते रोज पटतं.

आजी जाऊन बरीच वर्षं झाली. मी कराड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. इथे दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि बीडकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात. फडाशेजारी कोप्या उभ्या राहतात. आईबाप पहाटे कोयता घेऊन निघाले की मुलं धाकट्या भावंडांना सांभाळत मागे राहतात. त्यांच्याकडेही दाखला नसतो.

फरक एवढाच की आता कायदा आजीच्या बाजूने आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयाचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि त्याच्या वयाला साजेशा वर्गातच त्याला बसवावं लागतं. तुमच्या गावच्या फडाजवळ या हंगामात शाळेच्या वेळी मूल दिसलं, तर त्याच्या आईबापांशी बोला, जवळच्या शाळेत कळवा, आणि जमलं तर त्याला स्वतः घेऊन या. कागद आम्ही नंतर मागवू.