ओरत्तनाडूला द्राक्षे का नाहीत?

एप्रिल २०१९ मध्ये शासकीय कामानिमित्त तंजावरला जाण्याचा योग आला. एक दुपार मोकळी मिळाली, म्हणून दक्षिणेस असलेल्या ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र पाहण्यास गेलो. दुसऱ्या सरफोजीराजांनी आपल्या प्रिय मुक्तांबाळच्या नावे १८०२ मध्ये उभारलेले हे छत्र. रामेश्वराच्या वाटेवरील यात्रेकरूंना येथे अन्न आणि निवारा मिळे. सोबत तंजावरचे एक वयोवृद्ध मराठी गृहस्थ होते. पिढ्यान्‌पिढ्या कावेरीकाठी राहूनही त्यांच्या घरात मराठी टिकून आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या माझ्या वाचकांना त्यामागचे कष्ट वेगळे सांगावयास नकोत.

वाटेत नारळाच्या बागांमध्ये उन्मळलेली झाडे अद्याप पडलेली होती. नोव्हेंबर २०१८ च्या ‘गज’ चक्रीवादळाचा तो तडाखा. ती पाहत गृहस्थांनी मला विचारले, “तुम्ही नाशकास नोकरी केलीत. तिथे गोदावरी, इथे कावेरी. वाइनच्या द्राक्षांवर तिथला शेतकरी वर आला म्हणतात. मग आमच्या लोकांनी नारळ पुन्हा उभा राहीपर्यंत द्राक्षे का लावू नयेत?”

“हवामान जमणार नाही,” एवढे सांगून मी वेळ मारून नेली. प्रश्न मात्र मनातून गेला नाही, कारण त्याच्या उत्तरात माझीही एक जुनी चूक दडलेली आहे.

पाणी दोन्हीकडे आहे. ओरत्तनाडूच्या शिवारात कल्लणैच्या कालव्याचे पाणी खेळते. फरक आहे तो पावसाच्या वेळेचा, उंचीचा आणि रात्रींचा. युरोपात हिवाळ्यात द्राक्षवेल पाने गाळून झोपी जाते. आपल्याकडे ती झोपत नाही. तिला कात्रीने वेळापत्रक शिकवावे लागते. नाशिकचा बागाईतदार एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी करतो. त्यानंतर काडी तयार होते. पाऊस सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात, तो फळछाटणी करतो. पुढे फुलोरा, मणी आणि पक्वता हे सारे कोरड्या हिवाळ्यात पार पडते. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते. समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवरच्या या पठारावर जानेवारीतील रात्री दहा अंशांच्या आसपास जातात. दिवसाच्या उन्हाने मण्यात साखर भरते आणि रात्रीच्या गारव्याने आंबटपणा टिकतो. वाइनला दोन्ही हवे असते. डोंगरउताराची मुरमाड जमीन पाण्याचा निचरा करते, हेही वेलीच्या पथ्यावर पडते.

ओरत्तनाडू समुद्रसपाटीपासून शंभर मीटरही उंच नाही. तेथे वर्षाच्या पावसाचा मोठा भाग ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर ऑक्टोबर ते डिसेंबरात येतो. म्हणजे नाशिकची वेल ज्या दिवसांत फुलते, नेमक्या त्याच दिवसांत. त्या ओलाव्यात केवडा आणि करपा बागेचा घास घेतील. जानेवारीच्या रात्रीही तेथे वीस अंशांच्या आसपास असतात. अशा उबेत मण्यातील आम्ल झपाट्याने खर्ची पडते आणि उरतो तो निव्वळ गोडवा.

याचा अर्थ तमिळनाडूत द्राक्षे होत नाहीत असा नव्हे. पश्चिमेकडे थेनी जिल्ह्यातील कंबमच्या खोऱ्यात ‘पन्नीर’ द्राक्षे भरघोस पिकतात; २०२३ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. घाटाच्या आडोशाला असलेल्या त्या खोऱ्यात वर्षातून एकाहून अधिक बहर घेता येतात. एकच राज्य, एकच शासन. पण द्राक्षाची परवानगी कंबमला मिळाली आणि ओरत्तनाडूला नाही. ही परवानगी कोणत्याही मंत्रालयातून निघत नाही.

आता माझ्या चुकीविषयी. महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. उत्पादन शुल्कात सवलती दिल्या, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क उभारले. नाशिकमध्ये राजीव सामंत यांच्या ‘सुला’ची वाइन २००० मध्येच बाजारात आली होती. अशा उत्साहाच्या दिवसांत मी एका तालुक्यात काम करीत होतो. गावोगावच्या बैठकांत मी हवामानाची हीच सारी वैशिष्ट्ये सांगून शेतकऱ्यांना वाइनच्या जाती लावण्याचा आग्रह केला. त्यात खोटे काहीच नव्हते. परंतु ते अपुरे होते.

२००८ च्या अखेरीस जागतिक मंदी आणि मुंबईवरील हल्ला यांमुळे हॉटेल व पर्यटन व्यवसाय बसला, वाइनची मागणी घटली आणि अनेक वायनरींनी माल उचलण्यास हात आखडता घेतला. तेव्हा एक शेतकरी माझ्या टेबलावर शिराझचा घड ठेवून म्हणाला, “साहेब, ही बारीक, बियांची द्राक्षे बाजारात कोण घेणार?” थॉम्पसन निर्यातीला गेली नाही, तर स्थानिक बाजारात विकता येते, बेदाणा करता येतो. वाइनच्या द्राक्षाला वायनरीखेरीज दार नाही. माझ्याकडे उत्तर नव्हते. पुढे त्याने बाग तोडली. सवलतींचे परिपत्रक मला पाठ होते. खरेदीच्या कराराचा कागद मात्र त्याला कधी वाचून दाखवावा, असे मला सुचले नव्हते.

हवामान परवानगी देते, हमी देत नाही. आणि दिलेली परवानगीही ते अधूनमधून मागे घेते. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये निफाड परिसरात झालेली गारपीट ज्यांनी पाहिली, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. गारांनी फाटलेल्या बागेचा पंचनामा करणारा अधिकारी आणि पडलेली नारळाची झाडे मोजणारा तंजावरचा अधिकारी एकाच वहीत लिहीत असतात.

परत आल्यावर मी त्या गृहस्थांना सविस्तर पत्र लिहिले. द्राक्षे लावू नयेत, हे कारणांसह सांगितले. शेवटी एवढेच लिहिले की, सरफोजीराजांनी छत्र बांधले ते यात्रेकरूंच्या पायाखालच्या वाटेवर. छत्र बांधून वाट तिकडे वळेल, अशी अपेक्षा ठेवली नाही. कोणतीही योजना नेण्यापूर्वी त्या गावाचा ऑक्टोबर कसा असतो आणि पीक हाती आल्यावर ते घेणारा कोण, हे दोन प्रश्न आता मी आधी विचारतो. त्या शेतकऱ्याच्या बागेत मी ते विचारले असते, तर बरे झाले असते.