जादा पाटा आणि दोन इंच

कऱ्हाड-पाटण रस्त्यावर वडाप, म्हणजे खासगी जीपमधून माणसांची ने-आण, जोरात होतं त्या काळात कुणी जीप घेतली की ती आधी मिस्त्रीकडे जायची, देवळात नंतर. मिस्त्रीकडचं काम ठरलेलं असायचं: मागच्या कमानीत, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये, जादा पाटा चढवायचा. कंपनीच्या कागदावरची माणसं आणि वडापातली माणसं यांचा एकमेकांशी काही संबंध नसे. आत दाटीवाटीने बसलेली, मागच्या पायरीवर लोंबकळणारी, शिवाय टपावर बाजाराची गाठोडी. एवढं ओझं घेऊन जीप कुंभार्लीच्या बाजूला चढायची तर पाटे ताठ हवेत.

पाटा चढला की रिकामी जीप मागून चांगली चार बोटं वर उचललेली दिसे. आज ज्या उंचीसाठी लोक लाखाच्या घरात पैसे मोजतात, ती तेव्हा ओझ्याच्या तयारीतून फुकटात यायची आणि माणसं बसली की निघूनही जायची. अशी ताठ जीप भरलेली असताना शहाण्यासारखी चाले. रिकामी मात्र नव्याने जुंपलेल्या खोंडासारखी उधळायची. पाटे वाकायलाच तयार नसल्यामुळे एक चाक दगडावर चढलं की दुसरं हवेत, आणि हवेतलं चाक नुसतं गरगर फिरणार. ड्रायव्हर मग मागे चार पोरांना उभं करायचा. वजन पडलं की चाक जमिनीला लागे आणि जीप निघे.

टायरच्या बाबतीत तर निवड हा प्रकारच नव्हता. ६.००-१६, बस्स. सहा इंच रुंदी, सोळा इंची रिम, उभं केलं तर साधारण साडेअठ्ठावीस इंच. हे माप अमेरिकन लष्कराच्या विलिस जीपपासून चालत आलेलं. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलिसच्या जीप जोडायला सुरुवात केली, तेव्हा जीपबरोबर तेही आलं आणि इथलंच झालं. आपल्याकडच्या कितीतरी ट्रॅक्टरांच्या पुढच्या चाकांनाही हेच माप. त्यामुळे अडल्या वेळी ट्रॅक्टरचा टायर जीपला चढलेला मी पाहिला आहे. त्याच्या सरळ उभ्या रेघा शेतात चाक वळवायला चांगल्या, चिखलात धरायला कुचकामाच्या. पण दुकानदाराला विचारायचा प्रश्न एकच असे: नवा की रिमोल्ड?

आणि तरीही तो बारका टायर आमच्या बाजूला फार चांगला चालला. पाटण-कोयनेच्या पट्ट्यात पावसाळ्यात वर चार-सहा इंच लाल चिखल असतो आणि खाली मुरूम. अरुंद टायर चिखल कापत खाली जातो आणि मुरमाला भिडतो. रुंद टायर वरच तरंगतो आणि घसरतो. हाच टायर कोकणात वाळूवर नेला की बुडणार, हेही तितकंच खरं. तिथे मग चाकाखाली गोणपाट घालायचं आणि जमेल तितक्यांनी ढकलायचं. सह्याद्रीत अरुंद टायर लागतो म्हणून कुणी तो निवडला नव्हता. दुसरा मिळत नव्हता, इतकंच.

नंतरच्या काळात, लष्कराच्या लिलावातल्या जीप हौशी लोकांच्या हाती आल्या तेव्हा, उंचीसाठी उंची सुरू झाली. विलिस घडणीच्या जीपना पाटे अॅक्सलच्या हाउसिंगच्या खालून असत. ते काढून वर बसवले की गाडी एका दिवसात चार-पाच इंच उंच. आमच्या नाक्यावरच्या मिस्त्रींकडे अशी एक जीप आली होती. त्यांनी ती चहूबाजूंनी पाहिली, खाली वाकले आणि मालकाला म्हणाले, "उंच झाली म्हंजी काय झालं? हाउसिंग हाय तितंच हाय."

आजही मला गाडी उंच करण्याबद्दल, म्हणजे लिफ्टबद्दल, याहून नेमकं कुणी सांगितलेलं नाही. अखंड अॅक्सलच्या गाडीत पाटे किंवा स्प्रिंग वाढवल्याने वाढते ती चॅसीची उंची. दोन चाकांच्या मधे लोंबणारा डिफरन्शियलचा गोळा मात्र जमिनीपासून पूर्वी होता तितकाच वर राहतो. वाटेतला दगड लागतो तो त्यालाच. त्याला वर उचलायचं तर टायरच मोठा हवा, आणि तोही वाढलेल्या उंचीच्या निम्माच फायदा देतो.

माझा पुतण्या पुण्यात असतो. त्याच्याकडे २०२० साली आलेल्या नव्या घडणीची थार आहे, १८ इंची अलॉयवाली. मध्यंतरी त्याचा फोन आला: "काका, दोन इंच लिफ्ट आणि तेहतीसचे टायर टाकू का?" मी विचारलं, नेणार कुठे आहेस? तो म्हणाला, "आधी गाडी तयार करू, मग ठरवू."

आम्ही बाहेरून आलेल्या ओझ्याप्रमाणे गाडी करायचो, हा गाडीप्रमाणे वाट शोधणार. मला हसू आलं, पण त्याला नावं ठेवायचीही इच्छा झाली नाही. त्याची गाडी शोरूममधून निघतानाच इतकी सिद्ध आहे की ओझं शोधावंच लागतं. पोटाखाली २२६ मिलिमीटर मोकळी जागा, समोरचा चढ जवळपास ४२ अंशांपर्यंत नाक न घासता घेणार, ६५० मिलिमीटर पाण्यातून जाणार. टायर २५५/६५ आर १८, म्हणजे ३१ इंच. आमच्या जादा पाट्याच्या जीपपेक्षा अडीच इंच उंच चाकांवर ही गाडी जन्मालाच येते.

मग कागद घेऊन बसलो. तेहतीसचा म्हणून जो टायर तो बघत होता, त्याचं माप २८५/७५ आर १६. हिशेबाने त्याची उंची ८३४ मिलिमीटर, मूळच्याची ७८९. फरक ४५, त्याच्या निम्मे साडेबावीस. एवढ्या खटाटोपानंतर मागचं हाउसिंग एक इंचसुद्धा वर जात नाही. उलट स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी साडेचौऱ्याऐंशीच्या आसपास असेल, प्रत्येक गिअर तेवढा लांब होईल, ब्रेकला जड चाक थांबवावं लागेल. जुन्या डिझेल जीपला हे झेपलंच नसतं, पहिल्या चढालाच तिने मान टाकली असती. थारचं डिझेल इंजिन १३० अश्वशक्तीचं आहे, ते कुरकुरत नाही, म्हणून मालकाला कळतही नाही. मागच्या दारावर लटकणारी स्टेपनी तर कुणी मोजतच नाही. ती जड झाली की दाराची बिजागरी हळूहळू उतरायला लागते.

दोन इंचांचं काय? मागे थारला अखंड अॅक्सल आहे, तिथे मिस्त्रींचं वाक्य लागू. पुढची चाकं मात्र स्वतंत्र. तिथे डिफरन्शियल चॅसीला टांगलेलं असतं, त्यामुळे लिफ्टबरोबर तेही वर जातं. पण चाकांकडे जाणारे शाफ्ट तितकेच तिरके होतात आणि त्यांच्या जॉइंटवरची रबरं फाटायला लागतात. रबर फाटलं की ग्रीस बाहेर, धूळ आत. जिम्नीला दोन्हीकडे अखंड अॅक्सल, तिथे दुखणं वेगळं: उंची वाढवली की आडवा रॉड अॅक्सलला एका बाजूला ओढतो आणि गाडी किंचित तिरकी चालते. स्प्रिंगखाली नुसत्या चकत्या घालून वर केलेल्या गाडीत शॉकअप आखूडच राहतात, म्हणजे उंची आली पण चाकाला खाली यायला जागा उरली नाही. स्प्रिंग आणि शॉकअप दोन्ही जोडीने बदलले तरच त्या पैशाला अर्थ. एक बाजू लिफ्टचीही मांडायला हवी. वरंब्यावर पोट टेकत असेल, किंवा मोठा टायर वळताना मडगार्डला घासत असेल, तर ती हवीच. क्रम एवढाच की आधी टायर, मग तो घासतो का ते पाहायचं, आणि घासला तर लिफ्ट.

कायदाही आता डोळे उघडे ठेवून बसला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर बोट ठेवून सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं की कंपनीने दिलेल्या मूळ वर्णनापासून गाडी बदलता येणार नाही. जादा पाट्याच्या काळात हे कलम कुणाच्या गावीही नव्हतं. वडापच मुळात कागदाच्या बाहेर चाललेलं, तिथे पाट्याचं काय!

त्या जीपच्या आठवणीने गळा काढणारे माझ्या वयाचे लोक भेटतात, तेव्हा मी गप्प राहतो. स्टिअरिंग पाव फेरा फिरवल्यावर मग कुठे चाक वळायचं. ड्रमचे ब्रेक पाण्यातून गेल्यावर काही काळ नावापुरतेच. मेन पाटा तुटला की बाभळीचं लाकूड घालून दोरीने आवळायचं आणि रांगत घर गाठायचं. तिच्या मागच्या बाकावर पाठीचे मणके मोजत बसण्याची मला अजिबात हौस नाही. मला आठवतो तो मिस्त्रींचा प्रश्न. पाना हातात घेण्याआधी ते विचारायचे, "काय भरणार? कुठनं जाणार?" भात भरणार की माणसं, डांबरीवरून की मळ्यातून, यावर पाट्याची जाडी ठरे. आता लिफ्ट लावणारा विचारतो, "सर, किती इंच?"

पुतण्याने शेवटी १८ चे रिम काढून त्याच गाडीच्या खालच्या मॉडेलवर येणारे १६ चे लोखंडी रिम घेतले आणि त्यावर २६५/७५ आर १६ चढवले. उंची जेमतेम अर्धा इंच वाढली, पण टायरची भिंत ३३ मिलिमीटरने उंच झाली. सह्याद्रीच्या काळ्या दगडावर रिम वाचतो तो या भिंतीमुळे. मित्रांच्या गाड्यांशेजारी आपली बुटकी दिसते, अशी त्याची तक्रार आहे. लिफ्ट त्याने रद्द केलेली नाही, पुढे ढकलली आहे.

उंच भिंतीचा दुसरा फायदा हवा कमी करताना कळतो. चिखलात किंवा वाळूत १८-२० पौंडांवर आणलेला टायर पसरून जमीन धरतो. लिफ्टला जमत नाही ते काम नुसती हवा सोडून होतं. वडापचे ड्रायव्हरही हे जाणत. काडी व्हॉल्व्हमध्ये दाबून ते हवा सोडायचे, पण क्वचितच, कारण ट्यूब रिमवर सरकून व्हॉल्व्ह तुटायची धास्ती असे आणि पुन्हा हवा भरायला थेट पाटणचं पंक्चरचं दुकान गाठावं लागे. आता बॅटरीवर चालणारा पंप गाडीतच राहतो. लिफ्टच्या किटच्या मानाने त्याची किंमत किरकोळ आहे. पुतण्याने टायरबरोबर तोही घेतला, आणि पहिल्या पावसात हेळवाकच्या बाजूला जायचं ठरवलं आहे.