कॅमेऱ्याला उलटून बोलणारी माणसे

मार्च २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजन हे केंद्र सरकारचे खाते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. मुंबईच्या पेडर रोडवरच्या इमारती जागेवरच राहिल्या; १९४८ पासूनचे खाते संपले. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी टॉकीजला जाणाऱ्या पिढीला त्या बातमीने मुख्य चित्रपटाआधीची ‘न्यूज’ आठवली. ती चालू असताना निम्मे प्रेक्षक बाहेर असत. कुणी शेंगदाण्याची पुडी घेई, कुणी बिडी संपवी, आणि मधूनमधून डोअरकीपरला विचारणा होई, ‘झाली का न्यूज?’ आत पडद्यावर धरणाचे दरवाजे उघडत, मंत्री फीत कापत आणि शेतकरी नव्या बियाण्याकडे पाहून हसत.

ही न्यूज लावायची की नाही हे टॉकीजमालकाच्या मर्जीवर नव्हते. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, ब्रिटिश सरकारने प्रत्येक खेळाला दोन हजार फुटांपर्यंत सरकारमान्य फिल्म दाखवण्याची सक्ती केली होती. दोन हजार फूट म्हणजे वीस-बावीस मिनिटे. स्वातंत्र्यानंतर ही सक्ती टॉकीजच्या परवान्याची अट होऊन बसली आणि वर मालकाला रिळांचे भाडेही भरावे लागे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९९ साली न्यायालयाने सक्ती वैध ठरवली. लोकांच्या आयुष्यावरचा माहितीपट भारतात असा कायद्याच्या दांडक्याने लोकांपर्यंत पोचत होता, आणि लोक बाहेर शेंगदाणे खात होते.

प्रेक्षकांचा कंटाळा विषयापेक्षा आवाजाचा होता, आणि तो आवाज राग धरण्यासारखाच होता. पडद्यावर विणकर दिसे, त्याचे ओठ हलताना दिसत, पण ऐकू येई ते एका भारदस्त, पोट भरलेल्या गृहस्थाचे निवेदन. विणकर किती समाधानी आहे, हे तो गृहस्थ परस्पर सांगून टाकी. याला तांत्रिक कारण होते. चित्रीकरणाच्या जागी ध्वनिमुद्रण करणे खर्चाचे आणि अवजड काम होते. शिवाय एकच फिल्म डझनभर भाषांत काढायची, तर चित्र तेच ठेवून निवेदन तेवढे बदलणे सोयीचे. सोय खरी असली तरी परिणाम एकच झाला: देशातल्या कोट्यवधी साध्या माणसांचे चेहरे सरकारी रिळांत जमा झाले, त्यांचे म्हणणे जमा झाले नाही.

साध्या माणसांवरच्या माहितीपटात नेहमी तीन पक्ष असतात. कॅमेऱ्यासमोरचा, कॅमेऱ्यामागचा आणि पैसे देणारा. या चित्रप्रकाराचा इतिहास बहुधा दुसऱ्या पक्षाच्या, म्हणजे दिग्दर्शकांच्या नावांनी लिहिला जातो. तो पहिल्या पक्षाच्या बाजूने पाहिला तर वेगळा दिसतो.

पैसे देणारा अगदी पहिल्या दिवसापासून हजर आहे. १८९५ मध्ये ल्युमिएर बंधूंनी फ्रान्समधल्या ल्यों शहरात कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडणारे कामगार टिपले. कारखाना ल्युमिएरांचा, कॅमेरा ल्युमिएरांचा, कामगारही ल्युमिएरांचेच. या प्रसंगाच्या तीन आवृत्त्या उपलब्ध आहेत, म्हणजे कामगारांना मालकासाठी एकाहून अधिक वेळा ‘सुटावे’ लागले. मुंबईत ‘सावे दादा’, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ मध्ये हँगिंग गार्डनवरची कुस्ती टिपली आणि १९०१ मध्ये रँग्लर परांजपे विलायतेहून परतल्याचा सोहळा टिपला. फिल्म मुकी होती, त्यामुळे बोलण्याचा प्रश्नच नव्हता.

मुकेपणाचा पुरेपूर फायदा रॉबर्ट फ्लॅहर्टी यांनी उठवला. कॅनडाच्या उत्तरेकडील इनुइट कुटुंबावरचा त्यांचा ‘नॅनूक ऑफ द नॉर्थ’ १९२२ मध्ये झळकला. पैसा रेव्हियाँ फ्रेर या फरच्या व्यापारी कंपनीचा होता. नायकाचे खरे नाव अल्लाकारिअल्लाक होते. नॅनूक हे पडद्यापुरते. इनुइट तोपर्यंत बंदूक वापरू लागले होते, पण फ्लॅहर्टींनी त्यांना भाल्यांनी वॉलरसची शिकार करायला लावली. बर्फाच्या घरात उजेड पुरेना, म्हणून अर्धेच घर बांधून घेतले. ग्रामोफोन पाहून चकित होणारा आणि तबकडी चावून पाहणारा नॅनूक हे तर निव्वळ नाटक होते. तरीही फ्लॅहर्टींच्या पदरी एक गोष्ट घालावी लागते: चित्रित केलेले भाग ते तिथेच धुऊन त्या माणसांना दाखवत, आणि पुढचे प्रसंग त्यांच्याशी बोलून ठरवत. अल्लाकारिअल्लाकचे मत त्यांनी विचारले असेलही. पडद्यावर ते आलेले नाही.

मुंबईच्या फुटपाथवरची एक बाई या हकिगतीत साठ वर्षे पुढे येते, पण ती इथेच मध्ये घुसते. भर पावसात, मोडलेल्या झोपड्यांजवळ ती फिल्मवाल्यालाच फैलावर घेते. गरिबांचे फोटो काढून नाव कमावणार तुम्ही, आम्हाला त्याचे काय? नॅनूक पाहताना तिची आठवण टाळता येत नाही. अल्लाकारिअल्लाकच्या बाजूने विचारायचा प्रश्न तिनेच विचारला आहे.

तिच्या आधी लंडनच्या गरीब वस्तीतल्या बायका बोलल्या. १९३५ मध्ये आर्थर एल्टन आणि एडगर अँस्टी यांनी स्टेपनी भागातल्या पडक्या, ओल आलेल्या घरांवर ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ हा छोटा माहितीपट केला. अवजड ध्वनियंत्रणा थेट त्या खोल्यांत नेण्यात आली. ब्रिटिश माहितीपटाचे जनक समजले जाणारे जॉन ग्रिअरसन यांची बहीण रुबी या कामात होती. कॅमेरा तुमचा, माइक तुमचा, आता इथे राहणे म्हणजे काय ते त्या लोकांना सांगून टाका, असे तिने रहिवाशांना बजावल्याचे सांगतात. एक बाई उंदराशी झालेल्या झटापटीची हकिगत अशा रंगतीने सांगते की कुठल्याही निवेदकाला ते जमले नसते. मात्र फिल्मचा खर्च ब्रिटिश गॅस कंपन्यांच्या संघटनेने केला होता. जुनी घरे पडली, नवी उठली, की त्यांत गॅसच्या शेगड्या येतील हा सरळ हिशेब. बायका मोकळेपणाने बोलल्या, कारण त्यांचे गाऱ्हाणे आणि गॅसवाल्यांचा धंदा एकाच दिशेने जात होते.

माणसे पैसे देणाऱ्याच्या विरुद्ध बोलली तर काय होते, याचे उत्तर नेमके फिल्म्स डिव्हिजनमध्येच मिळाले. साठच्या दशकाच्या मध्यावर जाँ भावनगरी हे युनेस्कोतले गृहस्थ मुंबईत सल्लागार म्हणून आले आणि त्यांनी सुखदेव, प्रमोद पती, एस. एन. एस. शास्त्री अशांना मोकळीक दिली. सुखदेव यांनी ‘इंडिया ६७’ मधून निवेदन हद्दपारच केले. शास्त्रींनी स्वातंत्र्याची वीस वर्षे साजरी करण्यासाठी १९६७ मध्ये ‘आय अ‍ॅम २०’ केला. देशाबरोबरच जन्मलेल्या तरुणांना त्यांनी बोलते केले. कुणी आशेने भरभरून बोलतो. आणि एकजण शांतपणे सांगतो की या देशाबद्दल आपल्याला प्रेम नाही, असलेच तर ते सांगायचे कुणाला? हे सरकारी खर्चाच्या, सरकारी शिक्का असलेल्या फिल्ममध्ये. दहाएक वर्षांनी, १९७८ मध्ये, याच खात्यासाठी विधू विनोद चोप्रा यांनी ‘अ‍ॅन एन्काउंटर विथ फेसेस’ केला. त्यात मुंबईच्या रस्त्यावरची मुले स्वतःविषयी स्वतः बोलतात, आणि तो ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. टॉकीजबाहेर पुडी संपवणाऱ्यांना आत असेही काही असू शकते हे कुणी सांगितले नव्हते.

माणसांना असे बोलते करण्याला पॅरिसमध्ये थोडी आधी सुरुवात झाली होती. जाँ रूश हे मानववंशशास्त्रज्ञ आणि एदगार मोरँ हे समाजशास्त्रज्ञ. हलका कॅमेरा आणि खांद्याला अडकवता येणारे नाग्रा ध्वनिमुद्रक यांच्या जोरावर १९६० च्या उन्हाळ्यात त्यांनी पॅरिसकरांना गाठले. दोन तरुणी रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला एवढेच विचारीत: तुम्ही सुखी आहात का? ‘क्रॉनिक दँ एते’ या १९६१ च्या चित्रपटाचे मोठेपण या प्रश्नात फारसे नाही. ते शेवटाकडे आहे. जुळवलेली फिल्म रूश आणि मोरँ यांनी त्यातल्याच माणसांना दाखवली आणि त्यांच्या प्रतिक्रियाही टिपून चित्रपटात घेतल्या. काहींना ती उघडीवाघडी वाटली, काहींना खोटी, नाटकी. दिग्दर्शकांचे तोंड त्यात उतरलेले दिसते. पहिल्या पक्षाला शेवटचा शब्द देण्याचा हा बहुधा सर्वांत सरळ प्रयोग होता, आणि नंतरच्यांनी त्याचे कौतुक जितके केले तितके अनुकरण केले नाही.

शेवटचा शब्द कुणाचा, या प्रश्नाला ब्रिटनमधली ‘अप’ मालिका वेळ देते, आणि वेळ काय करतो ते तिच्यात दिसते. १९६४ मध्ये ग्रॅनडा टेलिव्हिजनने सात वर्षांच्या मुलांवर ‘सेव्हन अप’ हा कार्यक्रम केला. दिग्दर्शक पॉल आल्मंड, संशोधक मायकेल अ‍ॅप्टेड. श्रीमंत शाळांतली आणि गरीब वस्त्यांतली मुले शेजारी शेजारी ठेवली, की ब्रिटिश वर्गव्यवस्था आपोआप उघडी पडेल ही अपेक्षा. पुढे अ‍ॅप्टेड दर सात वर्षांनी त्याच चौदा जणांकडे जात राहिले. २०१९ च्या ‘६३ अप’पर्यंत नऊ भाग झाले आणि जानेवारी २०२१ मध्ये अ‍ॅप्टेड वारले. चौदांत मुली अवघ्या चार. ही निवड चुकली हे अ‍ॅप्टेड यांनीच नंतर कबूल केले.

पूर्व लंडनचा एक मुलगा जॉकी व्हायचे म्हणत होता. एकविसाव्या वर्षी त्याला पाहून हा गुन्हेगारीत जाणार असा अ‍ॅप्टेड यांचा अंदाज झाला आणि त्यांनी त्याला तशाच जागी फिरवून चित्रीकरणही केले. तो टॅक्सी चालवू लागला, संसार केला, आणि दिग्दर्शकाचे भविष्य खोटे पडले. लिव्हरपूलचा हसरा मुलगा अठ्ठाविसाव्या वर्षी स्कॉटलंडमध्ये बेघर सापडला आणि बेचाळिसाव्या वर्षी लंडनमध्ये नगरसेवक झालेला दिसला. श्रीमंत शाळेतला एकजण एकविशीनंतर मालिकेतून बाहेर पडला, पुढे स्वतः माहितीपट बनवू लागला, पण परत कधी कॅमेऱ्यासमोर आला नाही. स्वतःच्या पेशाची इतकी नेमकी समीक्षा क्वचितच कुणी केली असेल.

मालिकेतला सर्वांत मोलाचा क्षण मात्र ‘४९ अप’ मध्ये, २००५ मध्ये येतो. त्या चार मुलींपैकी कामगार वस्तीतली एक, आता एकोणपन्नास वर्षांची, अ‍ॅप्टेडना सुनावते. एकवीस वर्षांच्या असताना आम्हाला लग्न आणि पोरांबद्दल विचारलेस, आमच्याबद्दल तुझे आधीच ठरलेले होते. हे सुनावणे कापून टाकणे सहज शक्य होते. अ‍ॅप्टेड यांनी ते ठेवले, आणि त्यांच्या पदरी जमा करायची खरी गोष्ट हीच.

आता त्या फुटपाथवरच्या बाईची पाळी. आनंद पटवर्धन यांचा ‘हमारा शहर’ १९८५ चा. फुटपाथवरच्या आणि झोपडपट्टीतल्या लोकांना मुंबईतून हाकलण्याची मोहीम त्याचा विषय. १९८१ मध्ये भर पावसाळ्यात झोपड्या उठवल्या गेल्या, आणि ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल चित्रपटाच्याच वर्षी लागला: उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो हे न्यायालयाने मान्य केले, पण फुटपाथवर राहण्याचा हक्क मान्य केला नाही. चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी संजय गांधी नगर पाडले गेल्यावर पटवर्धन आणि शबाना आझमी रहिवाशांबरोबर उपोषणाला बसले आणि त्या लोकांना गोरेगावच्या बाजूला पर्यायी जागा मिळाली. त्या बाईच्या प्रश्नाला चित्रपटात उत्तर नव्हते. हे उपोषण उत्तर होते की नाही, ते ती बाईच सांगू शकेल.

‘हमारा शहर’ मध्ये विलास घोगरे या शाहिराचे गाणे आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, दहाजण मेले, आणि काही दिवसांतच घोगरे यांनी गळफास घेतला. आयुष्यभर डाव्या चळवळीत गायलेल्या या माणसाने मरताना डोक्याला निळी पट्टी बांधली होती. पटवर्धन यांनी तिथून सुरुवात केली आणि ‘जय भीम कॉम्रेड’ चौदा वर्षांनी, २०११ मध्ये पुरा केला. तो मुंबईतल्या चाळींत आणि वस्त्यांत पडदे लावून दाखवला गेला. म्हणजे ज्यांच्याविषयी तो आहे तेच त्याचे प्रेक्षकही होते. तिथे कुणी बाहेर शेंगदाणे खात थांबले नसावे.

उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमध्ये २००२ मध्ये सुरू झालेले ‘खबर लहरिया’ हे ग्रामीण स्त्रियांनी, मुख्यतः दलित स्त्रियांनी चालवलेले वृत्तपत्र पुढे मोबाइलवरच्या बातम्यांकडे वळले. रिंटू थॉमस आणि सुश्मित घोष यांचा ‘रायटिंग विथ फायर’ (२०२१) त्याच्यावर आहे. तो ऑस्करच्या नामांकनात पोचला, आणि समारंभाच्या आधी ‘खबर लहरिया’च्या स्त्रियांनी निवेदन काढले: चित्रपट प्रभावी आहे, पण आम्ही एकाच राजकीय पक्षावर लक्ष ठेवून बातम्या देतो असे त्यातून दिसते, ते खरे नाही; ही आमच्या कामाची एकच बाजू आहे. दुसऱ्यांच्या बातम्या देणाऱ्या बायकांनी स्वतःच्या बातमीला दिलेला हा खुलासा होता. फिल्म जगभर फिरली. निवेदन वर्तमानपत्रांत दोन-चार दिवस राहिले.

रूश आणि मोरँ यांनी १९६१ मध्ये केले ते आजच्या ओटीटी मंचांना बिनखर्चाचे आहे. माहितीपट ज्यांच्यावर आहे त्यांचे म्हणणे, ते कडू असले तरी, चित्रपटाच्या शेवटी जोडून दाखवावे, आणि पुरस्कार देणाऱ्या महोत्सवांनी ती अट घालावी.